असईच्या हत्तीच्या मागावर

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यात, असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, पराभव केला. लढाईनंतर कंपनी सरकारच्या गव्हर्नर जनरलने तीन गोऱ्या पलटणींना, म्हणजे घोडदळाची १९वी लाइट ड्रगून्स आणि पायदळाच्या ७४वी व ७८वी यांना, एक मानाचे चिन्ह बहाल केले. ते चिन्ह होते हत्ती, आणि त्याच्याखाली गावाचे नाव. १९वी लाइट ड्रगून्स ही पलटण १८२१ मध्ये मोडली गेली. उरलेल्या दोघींनी मात्र तो हत्ती दोन शतके जपला. हा हत्ती, आणि त्या युद्धात शिंद्यांच्या कंपूंशी, म्हणजे कवायती पलटणींशी, लढून ब्रिटिशांनी मिळवलेली आणखी काही चिन्हे, आज कोठे आणि कशी मांडून ठेवली आहेत हे पाहण्यासाठी मी स्कॉटलंड आणि इंग्लंडमधील पलटणींच्या संग्रहालयांचा प्रवास ठरवला.

या संग्रहालयांबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ब्रिटिश पायदळाच्या पलटणी पूर्वी क्रमांकाने ओळखल्या जात. १८८१ मध्ये त्यांच्या जोड्या लावून त्यांना परगण्यांची नावे देण्यात आली, प्रत्येकीला आपला भरतीचा मुलूख आणि आपली छावणी मिळाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फौज लहान होत गेली तशा या पलटणी एकमेकींत विलीन झाल्या, आणि २००६ मध्ये स्कॉट्स गार्ड्स सोडून स्कॉटलंडच्या सगळ्या पायदळ पलटणींची मिळून एकच रेजिमेंट करण्यात आली. पलटण नाहीशी झाली तरी तिचे संग्रहालय त्या त्या परगण्याच्या गावी राहिले, आणि पुष्कळ ठिकाणी तेच तिचे शेवटचे ठिकाण आहे. त्यामुळे या जागा राष्ट्रीय संग्रहालयांसारख्या तटस्थ नसतात. घरातल्या माणसांनी लावलेल्या फोटोंच्या आल्बमसारख्या त्या असतात, आणि तशाच वाचाव्या लागतात.

सोमवार : एडिनबरा

एडिनबराच्या किल्ल्यात शिरण्यापूर्वी एक मोठे मोकळे पटांगण लागते. बहुतेक प्रवासी ते ओलांडून सरळ दरवाजाकडे जातात. पण कडेला उभी असलेली स्मारके पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यात ७८व्या हायलँडर्सच्या, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्या अधिकाऱ्यांचा आणि शिपायांचा एक नक्षीदार केल्टिक क्रॉस आहे. स्मारक लखनौच्या मृतांचे, आणि त्यावर कोरलेला हत्ती मात्र त्यापूर्वी अर्ध्या शतकाच्या असईचा. संग्रहालयाचे दार उघडण्याआधीच मला माझा हत्ती भेटला होता.

किल्ल्याच्या आत युद्धविषयक संग्रहालये एकाहून अधिक आहेत, आणि किल्ल्याच्या तिकिटात ती सगळी पाहता येतात. सर्वांत मोठे ते नॅशनल वॉर म्युझियम. अठराव्या शतकातील दारूगोळ्याच्या कोठारांत ते मांडले आहे. रॉबर्ट गिब याचे ‘द थिन रेड लाइन’ हे १८८१ चे प्रसिद्ध चित्र तेथेच आहे. बालाक्लाव्हाला रशियन घोडदळासमोर उभ्या राहिलेल्या ९३व्या हायलँडर्सचे ते चित्र पाहणाऱ्यांची गर्दी हटत नाही. मला मात्र ज्या वस्तूसाठी तेथे जायचे होते ती अगदी लहान आहे आणि तिच्यापाशी कोणी फारसे थांबत नाही.

ती म्हणजे हत्तीच्या पायाची नखे. ७८वी पलटण १८३० च्या दशकाच्या अखेरीस सिलोनहून मायदेशी परतली तेव्हा तिने बरोबर एक जिवंत हत्ती आणला. बिल्ल्यावर जो हत्ती होता तो आता पलटणीच्या पुढे कवायतीत चालू लागला, आणि त्याचा मुक्काम याच किल्ल्यात होता. त्याच्या देखभालीवर असलेल्या शिपायाला मद्याची आवड होती, आणि सहवासाने ती हत्तीलाही लागली. उपाहारगृहाच्या खिडकीतून सोंड आत घालून तो आपल्या वाट्याची बिअर घेत असे, अशी हकीकत संग्रहालय सांगते. नखे काळपट, जाड, शिंगासारखी दिसतात. त्यांच्यावरच्या बारीक रेषा काचेला नाक लावले तरच दिसतात. शेजारून जाणारी मुले बिअरच्या गोष्टीला हसत होती, आणि ते साहजिकही होते. पण हा प्राणी एडिनबरात का आला या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले तर शेवटी भोकरदन तालुक्यातच येऊन थांबावे लागते.

रॉयल स्कॉट्सचे संग्रहालय किल्ल्यातच, विसाव्या शतकाच्या आरंभी कवायतीसाठी बांधलेल्या एका इमारतीत आहे. १६३३ मध्ये उभी राहिलेली ही ब्रिटिश पायदळातील सर्वांत जुनी पलटण. तिच्या युद्धसन्मानांच्या यादीत ‘नागपूर’ आणि ‘महिदपूर’ ही दोन नावे आहेत. युद्धसन्मान म्हणजे लढाईचे नाव पलटणीच्या निशाणावर विणण्याचा अधिकार, आणि इंग्रजी हिज्जे पाहिले तर ही नावे एका क्षणात ओळखूही येत नाहीत. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरकर भोसल्यांशी झालेला संघर्ष आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी शिप्रेच्या काठी होळकरांशी झालेली महिदपूरची लढाई, म्हणजे मराठी सत्तेचा शेवटचा अध्याय, या यादीत ब्लेनहाइम आणि वॉटर्लू यांच्या रांगेत बसलेला आहे. मी अशा याद्या नेहमी संपूर्ण वाचतो. तलवारी आणि गणवेश डोळ्यांना सुख देतात. पण पलटणीला कशाचा अभिमान आहे हे तिच्या यादीतच कळते.

रॉयल स्कॉट्स ड्रगून गार्ड्सच्या दालनात वॉटर्लूला सार्जंट यूअर्टने फ्रेंचांच्या ४५व्या पलटणीकडून हिसकावलेला गरुड आहे. तो पाहून झाला एवढेच लिहितो, कारण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. दुपारी एकची तोफ झाली तेव्हा मी १९२७ मध्ये उघडलेल्या स्कॉटिश युद्धस्मारकात होतो. युद्धात राबलेल्या प्राण्यांची शिल्पे तेथे कोरली आहेत, भुयारे खणणाऱ्यांच्या सोबतीला असलेले उंदीर आणि कॅनरी पक्षीसुद्धा त्यात आहेत.

मंगळवार : पर्थ

फोर्थ नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून गाडी फाइफमधून पर्थला जाते. येथील बॅलहाउसी किल्ल्यात ब्लॅक वॉच या पलटणीचे संग्रहालय आहे. किल्ला म्हटले तरी मनोऱ्यांचा एक टुमदार वाडाच तो. पलटणीचे मुख्यालय १९६२ पासून येथे होते, आणि पुढे २००९ मध्ये ही वास्तू पलटणीच्या न्यासाने विकत घेतली.

दालने कालक्रमाने लावलेली आहेत आणि मांडणी अलीकडची, म्हणजे प्रकाशयोजना उत्तम आणि फलक थोडक्यात आहेत. मला ती जरा जास्तच नीटनेटकी वाटली. माझ्या शोधाच्या दृष्टीने येथे पाहण्यासारखी गोष्ट मराठ्यांची नव्हती, म्हैसूरची होती. ४२व्या पलटणीची दुसरी तुकडी, जी पुढे ७३वी पलटण झाली, १७८३ मध्ये मंगळुराच्या किल्ल्यात टिपूच्या वेढ्यात अडकली होती. अन्न संपत गेले, माणसे रोगाने मरत गेली, आणि १७८४ च्या जानेवारीत तुकडीने किल्ला सोडला. पण त्या चिवटपणाबद्दल ‘मंगळूर’ हे नाव युद्धसन्मान म्हणून मिळाले. हरलेल्या वेढ्याचाही सन्मान होतो, हे मला रोचक वाटले. पलटणींच्या स्मरणात जय आणि पराजय यांपेक्षा टिकून राहण्याला अधिक किंमत असते, आणि हे त्यांच्या बाजूने बोलण्याजोगे आहे.

संध्याकाळची गाडी ड्रमॉख्टरच्या खिंडीतून इन्व्हर्नेसला पोचते. वाटेत दुतर्फा उघडे डोंगर होते, आणि डब्यात बहुतेक जण डोंगर चढायला निघालेले.

बुधवार : फोर्ट जॉर्ज

इन्व्हर्नेसच्या ईशान्येला, समुद्राच्या खाडीत घुसलेल्या एका चिंचोळ्या भूशिरावर फोर्ट जॉर्ज आहे. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी उठलेल्या जेकबाइट हायलँडरांचा मोड झाल्यावर पुन्हा बंड होऊ नये म्हणून सरकारने हा किल्ला बांधायला घेतला. काम १७४८ ला सुरू झाले आणि १७६९ ला संपले. तोवर बंडाची शक्यताच उरली नव्हती. या किल्ल्यावर कधीही हल्ला झाला नाही. म्हणूनच तो इतका धडधाकट आहे, आणि आपल्याकडचे किल्ले पाहिलेल्या माणसाला थोडा अपरिचित वाटतो. उंच कडा नाही, बालेकिल्ला नाही. जमिनीला चिकटून पसरलेले, तोफांच्या माऱ्याचा हिशेब करून आखलेले बाणाच्या टोकासारखे बुरूज, आणि त्यांवर हिरवळ. लष्कराची छावणी आजही आत आहे, त्यामुळे पर्यटकांच्या पायवाटेला लागूनच बराकींच्या रांगा दिसतात.

ज्या हायलँडरांना दाबण्यासाठी किल्ला बांधला त्यांच्याच पलटणींचे संग्रहालय आज त्याच्या आत आहे, आणि त्यातच माझ्या प्रवासाचे मुख्य कारण होते. १७९३ मध्ये उभी राहिलेली ७८वी पलटण १८८१ मध्ये ७२व्या पलटणीशी जोडली जाऊन सीफोर्थ हायलँडर्स झाली. सीफोर्थ आणि कॅमेरॉन या दोन हायलँड पलटणींचा वारसा आता या ‘हायलँडर्स म्युझियम’मध्ये एकत्र आहे. किल्ल्याच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या घरात ही दालने आहेत. खोल्या बेताच्या, जिने अरुंद, आणि कपाटे भरगच्च. पदकांच्या ओळीच्या ओळी पाहताना सुरुवातीला काहीच वेगळे दिसत नाही. नंतर एखादे नाव, एखादी तारीख सुटी होऊन डोळ्यांत भरते.

७८व्या पलटणीचे मुख्य चिन्ह हरणाचे शिंगाळे डोके आहे, आणि हत्ती तिच्या खुणांत दुसऱ्या जागी येतो. तो सोंड खाली सोडलेला, पाय रोवून उभा, कोणत्याही सजावटीविना आहे. मी अंबारीतला, झुलीतला हत्ती कल्पिला होता, तो नंतर हॅलिफॅक्सला भेटायचा होता. खाली असईचे नाव. सन्मानांच्या यादीत त्यापुढे इटलीतील ‘मैदा’ आणि ‘जावा’, मग १८५७ च्या इराण मोहिमेतील ‘कूश-अब’, आणि मग ‘लखनौ’. एका पलटणीच्या पन्नास-साठ वर्षांत इतके भूगोल सामावले होते.

असईच्या दिवशी काय झाले ते येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण दालनात उभे राहिल्यावर मला ती लढाई पहिल्यांदा नीट समजली. वेलस्लीला शिंद्यांचा तळ अनपेक्षितपणे समोर आढळला, आणि केळणेच्या पलीकडे जाण्यासाठी उतार मिळेना. वाटाड्यांनी उतार नाही असे सांगितले. तेव्हा नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसताच त्याने अनुमान केले की, अशा गावांच्या मध्ये येण्याजाण्याची वाट असणारच, आणि फौज तेथून उतरवली. शिंद्यांचे कवायती कंपू पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होते. बाजूने येणाऱ्या शत्रूकडे तोंड करून त्यांनी आपली सगळी फळी शिस्तीत वळवली, आणि ही हालचाल पाहून वेलस्लीलाही आश्चर्य वाटले. ७८वी पलटण नदीच्या बाजूला, डावीकडे होती. तिने पुढच्या तोफांवर चाल केली. उजवीकडच्या ७४व्या पलटणीच्या पुढे असलेली पहाऱ्याची तुकडी वाट चुकून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली, आणि तिच्यामागोमाग ७४वी. तेथे तिची चाळण झाली. कंपनीच्या फौजेतले ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता, असा त्या दिवसाचा हिशेब आहे. वेलस्लीला ९८ तोफा मिळाल्या. पुढे वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने असई ही आपल्याला आठवणारी फार रक्तपाताची लढाई म्हणून सांगितली आहे.

या संख्येत एक गोष्ट दडलेली आहे. त्या दिवशी वेलस्लीकडे गोऱ्या पलटणी थोड्या आणि मद्रासच्या शिपायांच्या पलटणी अधिक होत्या, पायदळाच्या पाच आणि घोडदळाच्या तीन. हत्ती त्यांनाही मिळाला, आणि आज भारतीय सैन्याच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर जो हत्ती आहे तो याच असईचा. या रेजिमेंटचे केंद्र निलगिरीत ज्या गावी आहे त्याचे नाव वेलिंग्टन. स्वातंत्र्यानंतर भारतीय सैन्याने, भारतीयांविरुद्धच्या लढायांत इंग्रजांच्या बाजूने मिळालेले युद्धसन्मान निषिद्ध ठरवले. ते साजरे करता येत नाहीत. तरी बिल्ल्यावरून हत्ती हटवलेला नाही. ब्रिटनमध्ये लढाईचे नाव उघड आणि अभिमानाने, आपल्याकडे नाव झाकलेले आणि प्राणी तेवढा ठेवलेला. दोन्ही सैन्यांना त्याचा त्याग करवला नाही, हे मला फोर्ट जॉर्जच्या त्या अरुंद जिन्यात प्रकर्षाने जाणवले.

७४व्या पलटणीचे पुढे काय झाले हेही सांगून टाकतो, कारण या वेळी ग्लासगोला जाणे झाले नाही. ती १८८१ मध्ये हायलँड लाइट इन्फंट्रीचा भाग झाली, १९५९ मध्ये रॉयल हायलँड फ्युजिलियर्सचा, आणि २००६ पासून नव्या स्कॉटिश रेजिमेंटचा. सर्वसाधारण पलटणीची दोन निशाणे असतात. हिच्याकडे पांढऱ्या रेशमाचे, हत्ती असलेले तिसरे निशाण होते, आणि २३ सप्टेंबर हा असईचा दिवस पलटण वर्षानुवर्षे पाळत आली. असईत पलटणीचा क्वार्टरमास्टर, म्हणजे रसद-सामान सांभाळणारा अधिकारी, सोडला तर सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले, म्हणून त्या दिवशीच्या संचलनाचे नेतृत्व क्वार्टरमास्टरकडे देण्याची प्रथा होती. मला ही प्रथा कोणत्याही तैलचित्रापेक्षा बोलकी वाटते.

गुरुवार : प्रवास

इन्व्हर्नेस ते यॉर्क, तेथून लीड्समार्गे हॅलिफॅक्स. दिवसभर खिडकीत बसण्यापलीकडे काही घडले नाही.

शुक्रवार : हॅलिफॅक्स

हॅलिफॅक्स हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर, आणि तेथील बँकफील्ड म्युझियम हा एडवर्ड ॲक्रॉइड या गिरणीमालकाचा वाडा. १८८७ पासून तो सार्वजनिक संग्रहालय आहे, आणि त्यातच ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटची दालने आहेत. एकाच छपराखाली कापडाचे नमुने आणि पलटणीची निशाणे पाहायला मिळतात. निशाणे ही शेवटी रेशमाचीच असतात, त्यामुळे ही सोबत अजिबात विजोड वाटत नाही.

राजघराण्याबाहेरच्या माणसाचे नाव मिळालेली ही ब्रिटिश सैन्यातली एकमेव पलटण. तिचा पाया ३३व्या पलटणीचा, १७०२ मध्ये उभारलेल्या. वेलस्ली तिच्यात तरुणपणी मेजर होता, पुढे तिचा कमांडर झाला, आणि १७९९ मध्ये ती घेऊनच श्रीरंगपट्टणला गेला. तेथे सुलतानपेट्याच्या झाडीत रात्रीच्या हल्ल्यात त्याची फजिती झाली होती. पुढच्या सगळ्या विजयांच्या झगमगाटात ही गोष्ट पुष्कळांना माहीतही नसते.

माझे काम ७६व्या पलटणीशी होते, १८८१ मध्ये ३३व्या पलटणीशी जोडलेल्या. १७८७ मध्ये खास हिंदुस्थानासाठी उभारलेली ही पलटण १८०३ मध्ये उत्तरेत जनरल लेक या कंपनीच्या सरसेनापतीबरोबर होती, म्हणजे वेलस्ली दख्खनमध्ये असताना शिंद्यांच्या उत्तरेकडच्या कंपूंशी लढत होती. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला, ११ सप्टेंबरला यमुनेच्या काठी दिल्लीची लढाई, १ नोव्हेंबरला अलवरच्या मुलखात लासवारी. अलीगडचा किल्ला भक्कम होता, आणि ७६व्या पलटणीच्या माणसांनी एकामागून एक दरवाजे फोडत आत शिरून तो जिंकला. या मोहिमेतील कामगिरीबद्दल कंपनीने तिला मानाची निशाणे दिली, आणि १८०७ मध्ये हत्तीसह ‘हिंदुस्थान’ हा सन्मान मिळाला. तेव्हापासून ही पलटण नेहमीच्या दोन निशाणांऐवजी चार निशाणे मिरवत असे.

येथला हत्ती अंबारीचा. फोर्ट जॉर्जचा हत्ती साधा, हा डौलदार, पाठीवर हौदा घेऊन चाललेला. गणवेशाच्या गळपट्टीवर दोन्ही बाजूंना तो लावीत. बिल्ला बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नाही, पण हौद्याची पाकळ्यांसारखी कड, सोंडेचे वळण आणि पावलांची चाल ओतकामात स्वच्छ उतरली आहे. कित्येक वर्षे पॉलिश करून त्याचे उठाव काहीसे मऊ झालेले दिसतात, आणि तेच मला सर्वांत आवडले. रोज सकाळी ब्रासो घेऊन हा हत्ती घासणाऱ्या यॉर्कशायरच्या कोवळ्या पोरांना तो लासवारीचा आहे हे ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे.

लासवारीबद्दल लेकने लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. शिंद्यांच्या शिपायांचे त्याने मनापासून कौतुक केले आहे. ते सैतानांसारखे, किंबहुना वीरांसारखे लढले, असे तो म्हणतो. शत्रूचे असे कौतुक करण्यात आपल्या विजयाचे मोल वाढवण्याचाही हिशेब असतो. तरीही, पेरॉनसारखे शिंद्यांचे फ्रेंच सेनापती आधीच निसटून गेलेले असताना, बिनधन्याच्या त्या पलटणी जागेवरून हटल्या नाहीत, ही साक्ष शत्रूच्या सेनापतीची आहे आणि मराठी वाचकाने ती जवळ ठेवण्यासारखी आहे. संग्रहालयातून उतरून मी गावातील मोठ्या चर्चमध्ये गेलो, तेथे पलटणीची जुनी निशाणे टांगलेली आहेत. काहींची नुसती जाळी उरली आहे.

शनिवार : लेस्टर

न्यूआर्क हाउसेस म्युझियममध्ये रॉयल लेस्टरशायर रेजिमेंटचे दालन आहे. १६८८ मध्ये उभारलेली १७वी पलटण १८०४ ते १८२३ हिंदुस्थानात होती, आणि १८२५ मध्ये तिला ‘हिंदुस्थान’सह वाघाचे चिन्ह मिळाले. पलटणीला लोक ‘टायगर्स’च म्हणत. पहिल्या महायुद्धातला खंदक येथे उभा केला आहे, मुलांची झुंबड त्याच्यापाशीच असते. हत्ती पाहून आलेल्याला वाघ थोडा नाटकी वाटतो, आणि या चिन्हामागे एकच एक लढाई नसल्याने माझ्या शोधाला येथे फारसे काही लागले नाही. दुपारच्या गाडीने लंडनला निघालो.

सोमवार : सॅलिसबरी

लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून सॅलिसबरीला गेलो. येथील कॅथीड्रलच्या आवारात ‘द वॉर्डरोब’ नावाची तेराव्या शतकातली वास्तू आहे, आणि त्यात बर्कशायर व विल्टशायरच्या पलटणींचे संग्रहालय. मागच्या बागेचा उतार नदीपर्यंत जातो. इतक्या शांत जागी एवढ्या लढाया मांडलेल्या पाहणे जरा विचित्र आहे.

येथे हत्ती नाही, पण एक कुत्रा आहे, आणि त्याच्यासाठी हा वळसा सार्थकी लागला. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदला अयूब खानाच्या अफगाण फौजेने ब्रिटिश-हिंदी ब्रिगेडचा धुव्वा उडवला. तिच्यातील ६६व्या पलटणीचा बॉबी नावाचा लहान कुत्रा शेवटच्या झुंजीपर्यंत तिच्यासोबत होता, जखमी झाला, आणि वाचून कंदाहारला परतला. पुढे ऑस्बर्न हाउसला राणी व्हिक्टोरियाने स्वतः त्याच्या गळ्यात अफगाण युद्धाचे पदक घातले. १८८२ मध्ये गॉस्पोर्टला एका भाड्याच्या घोडागाडीखाली तो मेला. पेंढा भरलेला बॉबी काचेच्या कपाटात उभा आहे, पांढुरका, कान टवकारलेला, छाती जराशी पुढे काढलेली, आणि गळ्यात पदक. जातिवंत वगैरे अजिबात नाही. आपल्या कोणत्याही गल्लीत शोभेल असा.

मैवंदला ६६वी एकटी नव्हती. ब्रिगेडमधील पायदळाच्या उरलेल्या दोन पलटणी मुंबई लष्कराच्या होत्या, पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि ३०वी, म्हणजे जेकब्ज रायफल्स. २,४७६ माणसांपैकी ९६९ त्या दिवशी मारली गेली. ६६व्या पलटणीची हानी सुमारे ६२ टक्के, ग्रेनेडियर्सची ६४. मागे हटण्याची सुरुवात कोणत्या पलटणीने केली यावर नंतर पुष्कळ शाई खर्च झाली, पण आकडे या दोघींचे जवळजवळ सारखेच आहेत. ग्रेनेडियर्सचा वारसा आज भारतीय सैन्यात आहे, त्यांचे केंद्र जबलपूरला. जेकब्ज रायफल्सचा वारसा पाकिस्तानच्या बलोच रेजिमेंटकडे गेला. एकाच दिवशी एकाच रणात मेलेल्या तीन पलटणींचे वारस आज तीन देशांत आहेत. असईत इंग्रजांच्या विरुद्ध उभे राहिलेले आणि मैवंदला इंग्रजांच्या शेजारी मेलेले, दोन्ही आपल्याच उपखंडाचे. मधे सत्त्याहत्तर वर्षेसुद्धा पुरती गेली नव्हती.

दारापाशी बसलेल्या निवृत्त स्वयंसेवकाला मी मुंबईच्या दोन पलटणींच्या मृतांच्या याद्या कोठे मिळतील असे विचारले. ६६व्या पलटणीबद्दल तो मला कितीतरी सांगू शकला असता, हे त्याच्या उत्साहावरूनच कळत होते, आणि प्रश्न त्याला आवडला नाही असेही दिसले नाही. क्षणभर विचार करून त्याने सांगितले की, मुंबई, मद्रास आणि बंगाल लष्करांची दप्तरे पलटणींच्या संग्रहालयांत नसतात. ती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या संग्रहात पाहावी लागतात, आणि त्यासाठी आधी वाचक म्हणून नोंदणी करावी लागते. एका कागदावर त्याने पत्ता लिहून दिला. सव्वाचारच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून मी पुन्हा आत गेलो आणि नोंदणीला लागणाऱ्या कागदपत्रांची यादी फोनवर शोधत बॉबीच्या कपाटासमोरच्या बाकावर बसलो.